वडिलांची स्कूटर दोनदा भंगारात गेली

माझ्या वडिलांनी १९९४ साली घेतलेली बजाज चेतक २०१३ साली दारावर आलेल्या भंगारवाल्याला अठराशे रुपयांना दिली. गाडी बंद पडून दोन वर्षे झाली होती आणि घरासमोरची जागा अडत होती. घेणाऱ्याने आरसी बुकही मागितले. गाडीच राहिली नाही तर पुस्तक ठेवून काय करायचे, या विचाराने वडिलांनी तेही देऊन टाकले. पावती घेतली नाही, घेणाऱ्याचे नाव लिहून ठेवले नाही, आणि आरटीओला कळवायचे असते हे आमच्या घरात कोणाला ठाऊकच नव्हते.

दहा वर्षांनी, २०२३ मध्ये, शेजारच्या जिल्ह्यातल्या एका पोलीस ठाण्याचे हवालदार पत्ता विचारत आमच्या घरी आले. रस्त्याकडेला बेवारस सापडलेल्या एका स्कूटरचा चेसिस नंबर (सांगाड्यावर कोरलेला क्रमांक) वडिलांच्या नावावर निघाला होता. याचा अर्थ आमची चेतक मोडलीच गेली नव्हती. कोणीतरी ती दुरुस्त करून विकली होती, ती हातोहात फिरली होती आणि त्या सगळ्या काळात सरकारी नोंदीत तिचे मालक माझे वडीलच होते. हवालदार अत्यंत सभ्यपणे बोलले, पण त्यांचे एक वाक्य वडिलांच्या मनाला फार लागले. ते म्हणाले, "आजोबा, तुम्ही सांगताय ते खरं असेल, पण कागदावर गाडी तुमचीच आहे." अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या, आयुष्यात कधी पोलीस ठाण्याची पायरी न चढलेल्या माणसाला त्यानंतर तीनदा जबाबासाठी जावे लागले. ती स्कूटर एखाद्या गुन्ह्यात किंवा अपघातात सापडली असती तर काय झाले असते, हा विचार अजूनही माझी झोप उडवतो.

ही भीती निराधार नाही. वाहन विकले पण नोंदणीत नाव बदलले नाही, अशा प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०१८ मध्ये स्पष्ट केले की अपघाताच्या दिवशी ज्याचे नाव नोंदणीत आहे तोच कायद्याच्या दृष्टीने मालक असतो आणि नुकसानभरपाईची जबाबदारी त्याच्यावर येते. भंगारातून परत रस्त्यावर आलेल्या गाडीला विमा बहुधा नसतोच, त्यामुळे ती रक्कम कोणत्याही कंपनीवर न पडता थेट त्या नोंदणीकृत मालकाच्या घरादारावर पडू शकते. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५५ नुसार गाडी नष्ट झाली किंवा कायमची निकामी झाली तर मालकाने चौदा दिवसांत किंवा शक्य तितक्या लवकर नोंदणी प्राधिकाऱ्याला कळवायचे असते आणि आरसी जमा करायची असते. हे कलम गेली पस्तीसहून अधिक वर्षे अस्तित्वात आहे, तरीही माझ्या ओळखीच्या दहा माणसांपैकी एकालाही ते माहीत नव्हते.

कोल्हापूरच्या माणसाला भंगाराची किंमत कोणी शिकवायला नको. शिरोली आणि गोकुळ शिरगावच्या फाउंड्र्यांच्या भट्ट्या लोखंडी भंगारावर चालतात आणि त्यावर आपल्या जिल्ह्यातली हजारो घरे चालतात. त्यामुळे जुनी गाडी भंगारात देण्याला माझा विरोध नाही. ते लोखंड वितळून पुन्हा कामाला आलेच पाहिजे. माझा आक्षेप एवढाच आहे की लोखंडाला वाट आहे पण कागदाला नाही. शिवाय उघड्यावर गाडी तोडताना इंजिनचे तेल आणि बॅटरीतले आम्ल कुठे जाते, हे ज्यांनी जयंती नाल्याचे पाणी पाहिले आहे त्यांना सांगण्याची गरज नाही.

२०१९ आणि २०२१ च्या महापुरांनंतर हा प्रश्न आपल्याकडे आणखी मोठा झाला, असे मला वाटते. शाहूपुरी, दुधाळी, नागाळा पार्क, बापट कॅम्प या भागांत कित्येक गाड्या दिवसच्या दिवस पाण्याखाली होत्या. त्यांतल्या अनेकांचा विमा कंपन्यांनी टोटल लॉस, म्हणजे पूर्ण नुकसान, म्हणून निकाल लावला, मालकाच्या खात्यात पैसे आले आणि गाडीचा सांगाडा खरेदीदाराने उचलून नेला. मालकाच्या दृष्टीने विषय तिथेच संपला. प्रत्यक्षात नोंदणी रद्द झाल्याचा कागद हातात नसेल तर तो अजिबात संपलेला नाही, कारण सांगाडा आणि आरसी एकाच हातात गेल्यावर त्याच चेसिस नंबरावर गाडी पुन्हा उभी करणे कोणालाही शक्य होते. माझ्या मते नोंदणी रद्द करण्याचा अर्ज दाखल झाल्याची पोच पाहिल्याशिवाय विमा कंपनीने सांगाडा कोणाच्याही ताब्यात देऊ नये, आणि ग्राहकानेही तसा आग्रह धरावा.

आमच्या चेतकचे पुढे असे झाले की न्यायालयाच्या आदेशाने ती पुन्हा वडिलांच्या ताब्यात आली आणि आम्ही ती रीतसर मोडीत काढायचे ठरवले. केंद्र सरकारचे नोंदणीकृत वाहन स्क्रॅपिंग केंद्रांसाठीचे नियम सप्टेंबर २०२१ मध्ये लागू झालेले आहेत, आणि ते मी बारकाईने वाचले. स्क्रॅपिंग केंद्राने गाडी घेण्याआधी 'वाहन' या सरकारी संगणकीय प्रणालीतली नोंद, चोरीच्या गाड्यांची यादी आणि गाडीवरचा कर्जाचा बोजा तपासायचा असतो. गाडी जमा केल्यावर मालकाला ठेव प्रमाणपत्र मिळते आणि ती मोडल्यावर स्क्रॅपिंगचे प्रमाणपत्र मिळते. चेसिस नंबरचा कापलेला तुकडा केंद्राने सहा महिने जपून ठेवायचा असतो. ही तरतूद वाचून मला मनापासून बरे वाटले, कारण आमच्या बाबतीत सगळा अनर्थ तो तुकडा न कापल्यामुळेच झाला होता. ठेव प्रमाणपत्रावर नवीन गाडीचे नोंदणी शुल्क माफ होते, आणि केंद्र सरकारच्या नियमांनुसार राज्यांना मोटार वाहन करात खासगी गाडीसाठी २५ टक्क्यांपर्यंत, तर व्यावसायिक गाडीसाठी १५ टक्क्यांपर्यंत सवलत देता येते.

नियम चांगले असले तरी त्यांच्यापर्यंत पोहोचणे सोपे नव्हते. आरसी बुक आता आमच्याकडे नसल्याची पोलिसांकडे नोंद करणे, नमुना २६ भरून दुय्यम आरसी काढणे, आधारवरचे आणि जुन्या नोंदीतले नाव जुळवणे आणि मोबाइल क्रमांक जोडणे यात चार महिने गेले. केंद्र जिल्ह्याबाहेर असल्यामुळे गाडी टेम्पोत घालून न्यावी लागली आणि टेम्पोचे भाडे भंगाराच्या रकमेपेक्षा जास्त झाले. आमच्या शेजाऱ्यांचा अनुभव तर आणखी कष्टाचा आहे. त्यांनी मोटारीचे कर्ज २०१० मध्येच फेडले होते, पण आरसीवरचा बोजा उतरवलेला नव्हता, आणि मधल्या काळात त्यांच्या बँकेचे विलीनीकरण झाल्यामुळे बोजा उतरवण्याच्या नमुना ३५ वर सही कोणी करायची, हे ठरायलाच दोन महिने लागले. आजरा किंवा चंदगडच्या एखाद्या शेतकऱ्याने दीड-दोन हजारांच्या मोटारसायकलसाठी एवढी धावपळ करावी, अशी अपेक्षा मी तरी करणार नाही. तो दारावरच्या भंगारवाल्यालाच गाडी देईल, आणि त्यासाठी त्याला दोष देता येणार नाही.

म्हणूनच माझी परिवहन खात्याकडे कळकळीची मागणी आहे. लायसन्ससाठी तालुक्याच्या गावी आरटीओचे कॅम्प भरतात, त्याच कॅम्पमध्ये नोंदणी रद्द करण्याचे अर्जही स्वीकारावेत, चेसिस नंबरचा तुकडा अधिकाऱ्यासमोर कापून जमा करण्याची सोय असावी आणि दुचाकीसाठी कागदांची यादी शक्य तितकी छोटी ठेवावी. नवीन गाडीची नोंदणी आज शोरूममध्ये बसल्या बसल्या होते. तेवढीच सहजता नोंद मिटवतानाही मिळणे हा नागरिकाचा हक्क आहे, असे मी मानतो.

ज्यांनी मागच्या काही वर्षांत एखादी गाडी अशीच देऊन टाकली आहे, त्यांनी परिवहनच्या संकेतस्थळावर किंवा ॲपवर तो नंबर घालून नोंद अजून चालू दिसते का, हे कृपया आजच पाहावे. चालू दिसत असेल तर गाडी कधी, कोणाला आणि कोणत्या अवस्थेत दिली हे आठवेल तेवढे लिहून काढावे, आणि तसा लेखी अर्ज ज्या आरटीओत नोंदणी आहे तिथे द्यावा. गाडी मालक हयात नसतील तर मृत्यूचा दाखला आणि वारसाचे कागद सोबत न्यावेत. अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर आवक क्रमांकासह पोच घेतल्याशिवाय खिडकीवरून हलू नये.