अंदाजपंचे टोमॅटो

स्वयंपाकातली वेळ शिट्ट्यांत मोजायची, हे आपल्याकडे कुणाला शिकवावं लागत नाही. वरणाला तीन, राजम्याला सहा, पाहुणे दारात उभे असतील तर वरणाला दोन. एवढ्या शिदोरीवर मराठी माणूस अमेरिकेच्या दक्षिणेत, जॉर्जियातल्या एखाद्या घरी भर जुलैत बरण्या भरायला गेला की त्याची मोठी पंचाईत होते. तिथल्या कुकरला शिट्टीच नसते. झाकणावर एक वजन असतं आणि ते नुसतं डुलत राहतं.

मी अशा एका घराचा जावई आहे. महाराष्ट्रात जावयाला पाटावर बसवतात, जॉर्जियात टोमॅटो सोलायला बसवतात. तेही किलो-दोन किलो नव्हे, एक बुशेल. बुशेल म्हणजे ५३ पौंड, आपले २४ किलो. त्यातून क्वार्ट मापाच्या, म्हणजे लिटरला जरा कमी अशा, १५ ते २१ बरण्या निघतात. पंधरा की एकवीस, ते टोमॅटो किती रसाळ आणि सोलणारा किती खादाड यावर.

भाज्या बरणीत उकळून हवाबंद साठवायच्या या प्रकाराला कॅनिंग म्हणतात, पण त्यात कॅन औषधालाही सापडत नाही. असते ती काचेची बरणी, जिच्या तोंडाशी आटे पाडायचं पेटंट जॉन मेसन नावाच्या पत्रेकाम करणाऱ्या माणसाने १८५८ साली घेतलं. जुनी माणसं तर कॅनिंगही म्हणत नाहीत, ‘पुट अप’ म्हणतात. उचलून फळीवर ठेवलं की झालं. मधला सगळा घाम त्या दोन शब्दांत कुठेच दिसत नाही.

दक्षिणेतली जुनी स्वयंपाकीण आणि आपली आजी या दोघी एकाच शाळेतल्या. त्यांच्याकडे जेवणाबरोबर जी मऊ, पापुद्र्यांची खारी बिस्किटं असतात, त्यांच्या पिठात ताक किती घालायचं हे विचारून बघा. ‘पीठ सांगेल तितकं.’ याला आपण अंदाजपंचे दाहोदरसे म्हणतो आणि त्यावर पिढ्या पोसतो. बरण्या भरताना मात्र हा अंदाज चपलांबरोबर दाराबाहेर काढून ठेवावा लागतो. तिथे चालतं ते अमेरिकी कृषी खात्याचं पुस्तक. आणि घरगुती साठवणीचं राष्ट्रीय केंद्र कुठे असावं? जॉर्जियातल्याच अथेन्स गावी, विद्यापीठात. ज्यांच्या अंदाजाला तोड नाही, त्यांच्याच परसात अंदाजाला बंदी घालणारी कचेरी.

टोमॅटोपासून सुरुवात करू, कारण घर तिथूनच करतं. उकळत्या पाण्यात ३० ते ६० सेकंद, साल तडकली की गार पाण्यात. इथवर कुणीही पास होतं. खरी गोम पुढे आहे. टोमॅटो चिरला की त्यातलं एक विकर, म्हणजे एन्झाइम, जागं होतं आणि त्याला दाट ठेवणारं पेक्टिन तोडायला लागतं. चिरलेल्या फोडी परातीत ठेवून तुम्ही मामेसासूबाईंच्या गुडघ्याची चौकशी करत बसलात, तर आठवड्याने बरणीत खाली पिवळट पाणी आणि वर तरंगणारा गर दिसतो. म्हणून साधारण सहावा हिस्सा फोडी आधी पातेल्यात टाकून, दाबून, भराभर उकळवायच्या आणि उरलेल्या त्या उकळत्या रसात थोड्या थोड्या सोडायच्या. सगळ्या पडल्या की पाच मिनिटं उकळी. गुडघ्याची चौकशी त्यानंतर.

मग लिंबू. टोमॅटो आंबट असतो हे आपण आयुष्यभर धरून चाललेलो असतो, पण पुस्तकाला ते पुरेसं वाटत नाही. आम्लतेचा पीएच ४.६ हा आकडा ही इथली लक्ष्मणरेषा. त्याच्या वर गेलात, म्हणजे आंबटपणा कमी पडला, तर बॉट्युलिझम या जीवघेण्या विषबाधेच्या जंतूंना बंद बरणी म्हणजे घर मिळाल्यासारखं होतं, आणि टोमॅटो नेमका कुंपणावर बसलेला. म्हणून प्रत्येक क्वार्टमध्ये दोन मोठे चमचे लिंबाचा रस घालायचा, आणि तोही बाटलीतला! अंगणात लिंबाचं झाड लगडलेलं असलं तरी. कारण झाडावरच्या लिंबाचा आंबटपणा लिंबागणिक बदलतो, बाटलीतल्याचा ठरलेला असतो. मराठी मनाला हा अपमान पचायला वेळ लागतो. रस नको असेल तर क्वार्टला अर्धा छोटा चमचा सायट्रिक ॲसिड, म्हणजे आपलं लिंबूसत्त्व, चालतं.

बरणी भरताना काठाखाली अर्धा इंच मोकळा सोडायचा. हे तर आपल्या संस्कृतीच्या मुळावरच आलं. वाटी काठोकाठ भरली नाही तर वाढणारीला कंजूष म्हणतात. पण इथे औदार्य दाखवलंत की उकळताना रस झाकणाखाली चढतो, बी किंवा गर काठावर अडकतो आणि झाकण बसत नाही. उलट हात आखडलात तर आतली हवा पूर्ण बाहेर जात नाही आणि वरचा थर काळवंडतो. अर्धा इंच म्हणजे अर्धाच इंच. लाकडी किंवा प्लॅस्टिकची पट्टी कडेने फिरवून बुडबुडे काढायचे, धातूचा चमचा घालून काचेला चरे पाडायचे नाहीत. काठ ओल्या फडक्याने पुसायचा.

झाकण दोन तुकड्यांचं असतं. वर चपटी चकती, तिच्या कडेला खालून रबरासारखा लेप, आणि तिला धरून ठेवणारं आट्यांचं कडं. कडं वर्षानुवर्षं वापरा, चकती मात्र एकदाच. आपल्यातले जे लोक श्रीखंडाचे रिकामे डबे तीन पिढ्या चालवतात, त्यांना चकती फेकताना होणाऱ्या वेदना मी समजू शकतो. पण एकदा दबलेला लेप दुसऱ्यांदा नीट बसेलच याचा भरवसा नाही. २०२० साली सगळी अमेरिका घरात कोंडली गेली, सगळ्यांनी टोमॅटो लावले आणि चकत्या दुकानांतून गायब झाल्या. तेव्हाही जाणती माणसं जुन्या चकत्यांकडे नुसती बघत बसली.

कडं आवळायचं ते बोटांच्या टोकांनी. घरात एखादा तरी व्यायामशाळेत जाणारा भाचा असतो, त्याला या कामापासून लांब ठेवावं. त्याने दंड फुगवून आवळलं की आतली हवा निघायला वाट राहत नाही आणि चकती दुमडते.

बरण्या गरम, रस गरम, पातेल्यातलं पाणीही गरम. थंड बरणी उकळत्या पाण्यात सोडली की तिचा तळ तबकडीसारखा सुटा होऊन येतो, आणि मग त्या पाण्यात टोमॅटोचं सार, काचेसकट. बरण्यांच्या डोक्यावर किमान इंचभर पाणी हवं. खळखळून उकळी आल्यावर घड्याळ लावायचं, त्याआधीचा अर्धा तास हिशेबात नाही. अशा फोडींच्या क्वार्टला ४५ मिनिटं. ही समुद्रसपाटीपासून हजार फुटांपर्यंतची गोष्ट, कारण उंचावर पाणी कमी तापमानाला उकळतं. अटलांटा शहर हजाराच्या जेमतेम पन्नास फूट वर, म्हणून तिथे ५०. एवढ्या पाच मिनिटांवरून सव्हानाच्या समुद्रकाठच्या आत्या आणि अटलांटाच्या आत्या दर वर्षी भांडतात. पुणं ५६० मीटरवर, म्हणजे अठराशे फुटांच्या वर, तेव्हा पुणेकरांनी पन्नासच धरावीत. आपण इतरांपेक्षा वर आहोत, हे त्यांना वेगळं सांगायला नकोच.

एका खेपेला सात क्वार्ट. एका बुशेलला तीन खेपा. बाहेर ३५ अंश, आत कितीही.

तोवर पुढच्या ओट्यावर शेंगा चाललेल्या असतात. शेंगा निवडणं हा या सगळ्यातला एकमेव भाग, जो महाराष्ट्रात जसाच्या तसा आहे: पडवी, झोपाळा, मांडीवर पातेलं, शिरा काढणाऱ्या बायका आणि जी हजर नाही तिच्याविषयी बोलणं. फरसबीची थोरली बहीण शोभेल अशी ‘हाफ रनर’ नावाची शेंग दक्षिणेत लाडकी आहे. तिला दोन्ही कडांना शीर. एक जरी राहिली तर जानेवारीत जेवताना दोरा चावल्यासारखं होतं आणि ती कुणी काढली होती याचा तपास सुरू होतो. सात क्वार्टना १४ पौंड शेंगा लागतात, म्हणजे पुरेसा वेळ आणि पुरेसे गैरहजर नातेवाईक.

शेंगांत आंबटपणा नाही. त्यामुळे साधी उकळी पुरत नाही. बॉट्युलिझमचे बीजाणू शंभर अंशाला अंघोळ करून ताजेतवाने होतात. त्यांना मारायला ११६ अंश लागतात, आणि ते वाफ कोंडल्याशिवाय येत नाहीत. इथे तो बिनशिट्टीचा कुकर येतो. झाकण लावून आधी दहा मिनिटं वाफ नुसती जाऊ द्यायची, म्हणजे आतली हवा निघते. हवा राहिली तर काटा दाब बरोबर दाखवतो आणि तापमान मात्र कमी भरतं. मग १० पौंड दाबाचं वजन ठेवायचं, हजार फुटांच्या वर १५ चं, ते डुलायला लागलं की क्वार्टला २५ मिनिटं. मध्येच आच कमी होऊन दाब खाली गेला तर पुन्हा दाब चढवायचा आणि घड्याळ शून्यापासून. चोविसाव्या मिनिटाला असं झालं की दक्षिणेतली चर्चला जाणारी माणसंही जे बोलतात, ते इथे देत नाही.

आणि आपला पाच लिटरचा कुकर? नाही. वाफ कोंडून बरण्या भरायच्या तर भांड्यात निदान चार क्वार्ट उभे राहिले पाहिजेत, असं पुस्तक म्हणतं. छोटा कुकर लवकर तापतो, लवकर निवतो, आणि ठरवलेल्या वेळेत तापण्यानिवण्याचा काळही धरलेला असतो. तसंच, गॅस बंद झाल्यावर चमच्याने शिट्टी उचलणं किंवा कुकर नळाखाली धरणं ही आपली दोन राष्ट्रीय कौशल्यं इथे गुन्हा आहेत. दाब एकदम उतरला की बरणीतलं पाणी उसळून बाहेर येतं आणि शेंगा अर्ध्या उघड्या पडतात. आपोआप निवू द्यायचा, वजन काढल्यावरही दहा मिनिटं थांबायचं. हात शिवशिवतात. ते मांडीखाली घ्यावेत.

भेंडीचं त्यामानाने सोपं. सात पौंड कोवळी भेंडी अख्खीच बरणीत उभी ठोसायची. देठ छाटताना शेंग उघडी पडू द्यायची नाही. सहा कप पाणी, सहा कप ५ टक्क्यांचं व्हिनेगर, दोन तृतीयांश कप मीठ, लसूण, मिरच्या, शेपूचं बी. मग भरलेल्या बरण्यांना पातेल्यात दहा मिनिटं उकळी. नेहमीचं मीठ घेतलंत तर त्यातल्या गुठळ्या न होऊ देणाऱ्या भुकटीने पाणी गढूळ होतं. आणि कधी कधी लसूण चक्क निळा पडतो! त्यात विष नाही, नुसता लसणाचा आणि आम्लाचा खेळ आहे, पण बघणाऱ्याचा चेहराही थोडा वेळ त्याच रंगाचा होतो.

आता घरातल्या सर्वांत ज्येष्ठ बाई बोलतात. आमच्या आईने कधी पुस्तक पाहिलं नाही, गरम भरायचं, बरणी उलटी ठेवायची, कुणी मेलं नाही. हे वाक्य मी कोकणातही ऐकलंय, फक्त तिथे उलट्या बरणीऐवजी दादरा होता. पण आपल्या लोणच्यात मीठ आहे, कैरीचा आंबटपणा आहे, वर तेलाचा थर आहे. शेंगांच्या बरणीत यातलं काहीच नाही, आहे ते फक्त घड्याळ. गंमत म्हणजे पुस्तक आजीइतकंच जुनं आहे. दक्षिण कॅरोलायनातल्या एका शिक्षिकेने, मेरी क्रोमरने, १९१० साली एकेन परगण्यातल्या मुलींचे टोमॅटो क्लब काढले. एकेका मुलीला एक दशांश एकर, म्हणजे आपले बरोबर चार गुंठे, आणि पिकवलेले टोमॅटो डब्यात कसे भरायचे याचं रीतसर शिक्षण. तेव्हा आजीच्या काळी सगळं अंदाजानेच चाले, हाही एक अंदाजच. अर्थात ज्येष्ठ बाईंना हे सांगायचं नसतं. ‘येस, मॅम’ म्हणायचं आणि बरणी सरळ ठेवायची.

संध्याकाळी सगळ्या बरण्या फडक्यावर, एकमेकींपासून इंचभर अंतरावर. पंखा लावायचा नाही, चकती दाबून बघायची नाही. मग एकेक ‘टिंग’ ऐकू येऊ लागतो. आत पोकळी तयार होते आणि चकती खाली ओढली जाते, तिचा हा आवाज. बाहेरच्या खोलीतले लोक टीव्हीचा आवाज कमी करतात आणि बोटांवर मोजायला लागतात. आठ. बारा. सोळा. बरण्या वीस असतील तर टिंग एकोणीस होतात, हा माझा अनुभव. बारा तासांनी कडी काढून प्रत्येक चकतीच्या मध्यावर बोट ठेवायचं. जी ‘टप्’ करून वर येते, ती नापास. चोवीस तासांच्या आत नवी चकती लावून पुन्हा सगळी मिनिटं मोजा, नाहीतर सरळ फ्रिजमध्ये ठेवून लवकर संपवा.

एका बरणीसाठी पुन्हा पातेलं चढवायला कुणीच तयार नसतं. ती माझ्याकडे येते. तूप, जिरं, कढीपत्ता, एक सुकी मिरची, आणि गुळाचा खडा. जेवताना सासूबाई साराचा दुसरा वाटा घेतात, वहीपेन्सिल पुढे ओढतात आणि विचारतात, गूळ नक्की किती चमचे.

मी म्हणतो, टोमॅटो सांगेल तितका.