जॅक्सनविलची टीम कुठेही चाललेली नाही, आणि मामा, तो मेसेज आता पुढे पाठवू नका

रविवारी सकाळी साडेसहाला आईचा फोन. मला वाटलं कोणाचं काहीतरी झालं. तर म्हणे, "अरे, धाकट्याला सांग घराचं टोकन देऊ नको, ते गाव बंद पडतंय." कुठलं गाव? जॅक्सनविल, फ्लोरिडा. माझा धाकटा भाऊ तिथे चार वर्षं आहे, आता घर घेतोय. आणि हे गाव का बंद पडतंय, तर तिथली फुटबॉल टीम लंडनला चाललीय आणि तिचं स्टेडियम पाडतायत. ही बातमी आईला कुठून, तर सांगलीच्या मामांनी फॅमिली ग्रुपवर टाकलेला मेसेज, वर तीन लाल दिवे, खाली "परदेशात मुलं असलेल्या प्रत्येक पालकाने वाचावं". झालं.

ज्यांच्यापर्यंत तो पोचला नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. हा फुटबॉल म्हणजे आपला पायाने खेळायचा नाही, हातात लांबट बॉल घेऊन पळतात तो, एनएफएल या अमेरिकन लीगवाला. टीम जॅक्सनविल जग्वार्स. मेसेजमध्ये पाच गोष्टी आहेत: मालक शाहिद खानने लंडनचं वेम्ब्ली स्टेडियम विकत घेतलंय, शहर छोटं असल्याने टीम तोट्यात आहे, स्टेडियम रिकामं असतं (सोबत फोटो), २०२७ ला स्टेडियमला कुलूप लागणार आणि टीम गाव सोडणार म्हणून घरांचे भाव कोसळणार, आणि मालक मूळचा पाकिस्तानी, त्याला अमेरिकेचं काय पडलंय.

घराचा मुद्दा आधी घेतो, कारण त्यापायीच आमच्याकडे दोन दिवस कोणी नीट जेवलं नाही.

२०२७ मध्ये जग्वार्स जॅक्सनविलमध्ये खेळणार नाहीत, हे खरं आहे. घ्या, एवढं मान्य. पण का, ते मेसेज लिहिणाऱ्याने सोयीस्करपणे गाळलंय. जुनं स्टेडियम जवळजवळ नव्याने बांधून काढतायत, आणि त्यासाठी एक सीझन टीम ऑर्लँडोला खेळणार आहे. ऑर्लँडो म्हणजे जॅक्सनविलहून सव्वादोनशे किलोमीटर, आपलं पुणे-नाशिक समजा. २०२८ ला परत, त्याच जागी, सेंट जॉन्स नदीच्या काठी. आपल्या सोसायटीचं रीडेव्हलपमेंट निघालं की आपण दोन वर्षं भाड्याच्या घरात जातो, तेव्हा कोणी "जोशी गाव सोडून पळाले" असा मेसेज फिरवतं का?

आणि हे काही कोणाच्या तोंडी आश्वासनावर चाललेलं नाही. २५ जून २०२४ ला जॅक्सनविलच्या सिटी कौन्सिलने, म्हणजे तिथल्या महापालिकेने, हा करार १४ विरुद्ध १ मतांनी पास केला. एकूण साधारण १४० कोटी डॉलरचं काम, त्यात शहराचे ७७.५ कोटी, टीमचे ६२.५ कोटी, आणि बांधकामाचा खर्च वर गेला तर तो टीमच्या खिशातून. बदल्यात टीमने ३० वर्षांचं लीज सही केलंय आणि त्यासोबत टीम दुसरीकडे न हलवण्याचा वेगळा करार. ऑक्टोबर २०२४ मध्ये अटलांटाच्या बैठकीत एनएफएलच्या बाकी मालकांनीही त्याला मंजुरी दिली. आता मला सांगा, ज्याला लंडनला जायचंय तो माणूस साठ कोटी डॉलर जॅक्सनविलच्या मातीत का ओतेल? सामान बांधायला घेतलेला भाडेकरू घरमालकाला नवीन किचन बसवून देतो का?

मेसेजमध्ये यातलं एक अक्षर नाही. फक्त "२०२७ ला कुलूप".

बरं, कुलूप जरी लागलं असतं, तरी शहर कसं काय बंद पडलं असतं ते मला अजून कळलेलं नाही. जॅक्सनविलमध्ये नौदलाचे दोन मोठे तळ आहेत, बंदर आहे, सीएसएक्स या रेल्वे कंपनीचं मुख्यालय आहे, मेयो क्लिनिकचं हॉस्पिटल आहे. जग्वार्सची पहिली मॅच झाली १९९५ ला. त्याआधी तिथे लोक काय झाडावर राहायचे? सीझनला आठ-नऊ घरच्या मॅचेस असतात हो, त्यावर दहा लाख वस्तीचं शहर चालत नाही.

आता खरं चिडायचं कशावर ते सांगतो, कारण "टीम जाणार" ही नुसती अफवा नसते, तिची किंमत कोणीतरी मोजतं. शहराचे ते ७७.५ कोटी डॉलर माणशी काढा, २०२० च्या जनगणनेत साडेनऊ लाख लोकसंख्या होती, म्हणजे डोई आठशेच्या वर डॉलर, तान्ह्या बाळासकट. मालक अब्जाधीश. मग शहर का देतं? कारण वर्षानुवर्षं कोणी ना कोणी म्हणत राहतं की जातील बरं का, लंडनला जातील. मालकाला स्वतःला धमकी द्यायची गरजच पडत नाही, ते काम असले मेसेज करतात. तिकडे इंग्रजीत करतात, आता मराठीतही सुरू झालंय.

आणि जॅक्सनविलला तर हा खेळ दोन्ही बाजूंनी माहीत आहे. १९७९ मध्ये बाल्टिमोरच्या कोल्ट्स टीमचे मालक रॉबर्ट इरसे इथे बघायला आले होते, त्यांचं हेलिकॉप्टर थेट मैदानात उतरलं आणि स्वागताला पन्नासेक हजार लोक जमलेले, मॅच नाही काही नाही, नुसता मालक बघायला! आपल्याकडे बस्ता बांधायच्या आधीच हारतुरे घेऊन उभे राहिल्यासारखं. जॅक्सनविलला काय मिळालं? काही नाही. इरसेंनी मार्च १९८४ मध्ये रातोरात ट्रक भरून टीम बाल्टिमोरमधून हलवली ती इंडियानापोलिसला. तेव्हा टीम जाऊ शकते ही भीती खोटी नाही, हे मी कबूल करतो. बाल्टिमोरच्या लोकांना सकाळी उठल्यावर कळलं होतं. पण म्हणूनच तर आता कागदावर सह्या घेतात. शिवाय नुसत्या मालकाच्या मनात आलं म्हणून भागत नाही, लीगमधल्या ३२ पैकी २४ टीम्सच्या मालकांची मतं लागतात.

वेम्ब्ली. हे तर इतकं खोटं आहे की हसू येतं. खाननी एप्रिल २०१८ मध्ये इंग्लंडच्या फुटबॉल असोसिएशनला वेम्ब्लीसाठी साठ कोटी पौंडांची ऑफर दिली होती, हे बरोबर. तिकडे त्यावरून एवढा गदारोळ झाला की त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये त्यांनी ती मागे घेतली. विषय संपला. वेम्ब्ली आजही असोसिएशनकडेच आहे. मेसेज लिहिणाऱ्याने पहिली अर्धी बातमी वाचली आणि पुढचे सहा महिने तो बहुतेक झोपला होता. खानचा लंडनमध्ये फुलहॅम नावाचा क्लब आहे, २०१३ पासून, तो पायाने खेळायचा फुटबॉल. आणि जग्वार्स २०१३ पासून जवळजवळ दरवर्षी लंडनला एखादी मॅच खेळतात, कधी दोन, २०२० ला कोविडमुळे नाही खेळले. त्यातूनच हे सगळं पिकलंय. पण दरवर्षी दिवाळीला मामाकडे जाणारा मुलगा मामाकडे दत्तक गेला असं होत नाही ना.

खरं सांगू का, टीम लंडनला गेली तर माझ्यासारख्याची चंगळच आहे. लंडनच्या मॅचेस आपल्याकडे संध्याकाळी सातला लागतात, भेळ खात बघता येतात. एरवी रात्री साडेदहाला सुरू, नोव्हेंबरात तर साडेअकराला, आणि सोमवारी ऑफिस. तर मी काही लंडनच्या विरोधात बोलत नाहीये! पण आठवड्याआड तिथून अमेरिकेला जायचं, पश्चिम किनाऱ्यावर मॅच असली की घड्याळात आठ तासांचा फरक, खेळाडूंच्या हाडांचा भुगा होईल. एखाद्या मॅचपुरतं ठीक असतं ते.

तोट्याचा मुद्दा. "छोटं शहर, प्रेक्षक कमी, म्हणून तोटा" हे ऐकायला एकदम पटण्यासारखं आहे आणि एनएफएलच्या बाबतीत पूर्ण चूक आहे. या लीगमध्ये टीव्हीचे वगैरे देशपातळीवरचे पैसे ३२ टीम्समध्ये सारखे वाटले जातात, न्यूयॉर्कला जेवढे तेवढेच जॅक्सनविलला. बाकी टीम्स हिशोब दाखवत नाहीत, पण ग्रीन बे पॅकर्स नावाची एक टीम आहे जी लोकांच्या मालकीची आहे, शेअरहोल्डर पाच लाखांवर, त्यामुळे त्यांना दरवर्षी आकडे जाहीर करावे लागतात आणि त्यावरून सगळ्यांचं कळतं. मार्च २०२४ ला संपलेल्या वर्षात त्यांचा हा वाटा होता ४० कोटी २३ लाख डॉलर. त्याच सीझनला खेळाडूंच्या पगारावर लीगची मर्यादा होती २२ कोटी ४८ लाख. म्हणजे एकही तिकीट न विकता, एकही समोसा न विकता पगार निघून वर जवळजवळ अठरा कोटी उरतात. आणि ग्रीन बे केवढं आहे? लाखभर वस्ती. आपल्या तालुक्याच्या गावाएवढं. तिथली टीम शंभर वर्षं तिथेच आहे.

उलट अलीकडे हलल्या त्या टीम्स बघा. रॅम्स २०१६ ला सेंट लुइसमधून गेले, चार्जर्स २०१७ ला सॅन डिएगोतून, रेडर्स २०२० ला ओकलंडमधून. सॅन डिएगो जॅक्सनविलपेक्षा चांगलंच मोठं आहे. तिथे स्टेडियमसाठी कर वाढवायचा प्रस्ताव नोव्हेंबर २०१६ मध्ये लोकांनी मतदानात पाडला आणि दोन महिन्यांत टीम लॉस एंजेलिसला. गाव लहान की मोठं हा प्रश्नच नसतो, स्टेडियमचं बिल कोणी भरायचं हा असतो, आणि जॅक्सनविलने ते भरलंय. बरोबर केलं का, तर मला नाही वाटत, पण भरलंय.

रिकाम्या स्टेडियमचा फोटो जुना आहे. वरच्या खुर्च्यांवर ताडपत्री दिसतेय ना, ती २००५ ला टीमनेच टाकली होती, साडेनऊ हजारांवर सीट्स झाकल्या होत्या, कारण तेव्हा नियम असा होता की तिकिटं सगळी खपली नाहीत तर गावात मॅच टीव्हीवर दाखवायची नाही. स्टेडियम गरजेपेक्षा मोठं होतं. हां, टीम बरीच वर्षं रद्दी खेळत होती आणि लोक कमी यायचे, तेही खरं. पुढे.

पाचव्या मुद्द्यावर खरं तर लिहायचंच नव्हतं. शाहिद खान लाहोरमध्ये जन्मले, सोळाव्या वर्षी इंजिनिअरिंग शिकायला इलिनॉयला आले, तासाला एक डॉलर वीस सेंटवर भांडी घासली, मग गाड्यांचे बंपर बनवायची कंपनी काढली, नागरिक झाले. मामा, तुमचा भाचा त्याच देशात तेच करायला गेलाय, भांडी सोडून. उद्या तिथल्या कोणी असाच मेसेज फिरवला की या इंडियन लोकांना अमेरिकेचं काय पडलंय, तर तुम्ही पुढे पाठवाल?

मला टीम जाण्याचं दुःख कळत नाही असं ग्रुपवर कोणीतरी म्हणालं. अहो, मी बालेवाडीला एफसी पुणे सिटी या पायाने खेळायच्या फुटबॉलच्या क्लबच्या मॅचेसना नारिंगी टीशर्ट घालून जायचो. २०१९ ला क्लब बंद झाला, लीगमधली जागा हैदराबादला गेली, २०२२ ला हैदराबादने ती लीग, म्हणजे आयएसएल (इंडियन सुपर लीग), जिंकलीसुद्धा, ती फायनल मी टीव्हीवर आवाज बंद करून बघितली. आणि २०२५ ला तीच टीम हैदराबादहून दिल्लीला. तिथे कोणाला माणशी आठशे डॉलर मागितले नव्हते, पण तीस वर्षांचा कागदही नव्हता. तो टीशर्ट आता आई फर्निचर पुसायला वापरते.

भावाला सगळं सांगून झालं. तो म्हणाला, टीमचं मी बघून घेईन, मला विम्याची काळजी आहे, २०१७ च्या अर्मा वादळात नदीचं पाणी डाउनटाउनमध्ये शिरलं होतं, आणि हे घर नदीपासून फार लांब नाही, फ्लड इन्शुरन्सचं कोटेशन बघून पोटात गोळा आला. त्यावर मामांकडे काही मेसेज असेल तर जरूर पाठवा म्हणाला.