बेटाला कुलूप लावून भागेल?

विन्याचं म्हणणं सरळ. "पर्यटकांनी बेटाची वाट लावली ना? कुलूप ठोका! फिलिपिन्सनं २०१८ मध्ये बोराकाय बेट सहा महिने बंद ठेवलंच की."

"आणि तिथल्या वेटरनं, बोटवाल्यानं सहा महिने काय हवा खायची?" शुभा तडकली.

"थायलंडची माया बे ही खाडी बघ. २०१८ ला बंद, २०२२ ला उघडली. शार्क परत आले."

"तिथे राहत कोण होतं, विन्या? बोराकायवर वस्ती आहे, शाळा आहेत."

इथे मला राहवेना. बोराकाय बंद पडलं ते नुसत्या गर्दीनं नाही. कितीतरी हॉटेलं ड्रेनेजला जोडलेलीच नव्हती, घाण पाणी थेट समुद्रात. तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष दुतेर्ते त्याला मैल्याचं डबकं म्हणाले होते. असलं पाणी मिळालं की शेवाळ माजतं आणि प्रवाळ गुदमरतात.

त्याहून वाईट गोष्ट जमिनीखाली होते. प्रवाळबेटाखाली पावसाचं गोडं पाणी खाऱ्या पाण्यावर तरंगत असतं. समुद्रसपाटीच्या वर १ मीटर गोडं पाणी असेल, तर खाली साधारण ४० मीटर असतं. म्हणजे हॉटेलच्या पंपानं वरची पातळी नुसती १० सेंटिमीटर उतरवली, तरी खालून खारं पाणी हळूहळू ४ मीटर वर चढणार. शिवाय मैल्याचं पाणी मुरवणारा शोषखड्डाही त्याच जमिनीत.

"मग समुद्राचं पाणी गोडं करायचा प्लांट बसवा," विन्या.

"बसवा ना. त्याच्या विजेसाठी डिझेल जाळा आणि उरलेलं दाट खारं पाणी पुन्हा प्रवाळांवर सोडा!" शुभा म्हणाली.

अण्णांनी पॅसिफिकमधल्या पालाऊ या बेटांच्या देशाचा विषय काढला. तिथे पर्यटकाच्या पासपोर्टवरच निसर्ग जपण्याच्या शपथेचा शिक्का मारून सही घेतात.

"शपथेनं मैला साफ होतो का, अण्णा?" शुभा म्हणाली. विन्या फिस्सकन हसला.

माझं मत असं: आधी सांडपाण्याचा प्लांट, मग त्याला झेपतील तेवढ्याच खोल्या. बोराकाय पुन्हा उघडताना एका वेळी १९,२१५ पर्यटक ही मर्यादा घातली. चांगलं केलं, पण खोल्या बांधून झाल्यावर!

"आधी अडवणार कोण?" अण्णा म्हणाले. "परवानगी देणाऱ्या कचेरीची तिजोरी त्याच हॉटेलांच्या करावर भरते ना?"

"म्हणून पर्यटकाकडून दिवसागणिक शुल्क घ्या," शुभा म्हणाली. "ब्राझीलच्या फर्नांडो दी नोरोन्या बेटांवर घेतात, जितके दिवस जास्त तितकं शुल्क जास्त."

"म्हणजे बेटं फक्त श्रीमंतांना," विन्या पुन्हा सुरू झाला.