नायजेरियाची माणसे नेमकी मोजली कोणी?

नायजेरियाची लोकसंख्या लवकरच अमेरिकेला मागे टाकणार, असे सांगणारा एक आलेख अधूनमधून व्हॉट्सॲपवर येतो आणि त्याखाली 'आफ्रिकेतील लोकसंख्येचा स्फोट' या विषयावर ठरावीक चिंता व्यक्त होते. त्या आलेखातील आजचा आकडा, म्हणजे सुमारे २३ कोटी, कोणीही घरोघरी जाऊन मोजलेला नाही. तेथील शेवटची जनगणना २००६ साली झाली आणि तीत १४ कोटी ४ लाख माणसे नोंदली गेली. त्यानंतरचे सगळे अंदाज आहेत, आणि ज्या पायावर ते उभे आहेत तो पायाच वादात आहे.

नायजेरियात शिरगणती ही केवळ सरकारी नोंद कधीच नव्हती. तेलाचा पैसा केंद्राकडे जमा होतो, राज्यांना मिळणारा त्यातील वाटा ठरवताना लोकसंख्येला मोठे वजन असते, आणि प्रतिनिधिगृहातील ३६० जागाही तिच्याच आधारे वाटल्या जातात. त्यामुळे मुख्यतः मुस्लिम असलेला हौसा-फुलानींचा उत्तर भाग आणि योरुबा, इग्बो यांचा दक्षिण भाग यांच्यात कोण मोठा, हा सत्तेचा प्रश्न ठरतो. स्वातंत्र्यानंतरची पहिली, १९६२ ची गणना याच भांडणात रद्द झाली. पुढच्या वर्षी पुन्हा मोजणी होऊन ५ कोटी ५६ लाखांचा आकडा आला, तोही दक्षिणेला पटला नाही. याकुबू गोवोन यांच्या राजवटीत १९७३ साली झालेल्या गणनेने जवळजवळ ८ कोटींचा आकडा दिला, पण १९७५ मध्ये सत्तेवर आलेल्या मुर्तला मोहम्मद यांनी ती मोडीत काढली. परिणामी १९९१ पर्यंत, म्हणजे तब्बल २८ वर्षे, देशाचा अधिकृत हिशेब १९६३ च्याच आकड्यांवर चालला. १९९१ च्या मोजणीत मात्र माणसे ८ कोटी ८९ लाखच भरली. तोवर जाणकार १० कोटींच्या बऱ्याच वरचे आकडे गृहीत धरत होते; कागदावरचे कोट्यवधी लोक एका जाहीर निवेदनासरशी नाहीसे झाले.

२००६ साली वाद टाळण्यासाठी धर्म आणि वंश हे प्रश्नच वगळण्यात आले. तरीही उत्तरेतील कानो राज्याची लोकसंख्या ९४ लाख आणि दक्षिणेतील लागोसची ९१ लाख निघाली, आणि लागोस सरकारने स्वतःच्या मोजणीचा १ कोटी ७५ लाखांचा आकडा पुढे केला. हा आकडाही मी डोळे मिटून स्वीकारणार नाही, कारण जो हितसंबंध कानोचा, तोच लागोसचाही.

माझा विश्वास आहे तो निवडक घरांत जाऊन केलेल्या नमुना पाहण्यांवर, कारण त्यांच्या उत्तरांवर कोणाचा निधी वा जागा अवलंबून नसते. त्यांच्यानुसार दर स्त्रीमागे होणाऱ्या मुलांची सरासरी १९९० मध्ये ६ होती, २०१८ मध्ये ५.३ झाली आणि २०२३-२४ मध्ये ४.८ वर आली. घट संथ आहे, पण खरी आहे, आणि देशभर सारखी मुळीच नाही: २०१८ साली लागोसमध्ये ही सरासरी ३.४ होती, तर उत्तरेतील कात्सिना राज्यात ७.३. शाळेचे तोंडही न पाहिलेल्या स्त्रियांमध्ये ती ६.७ होती, माध्यमिक शिक्षणाच्या पुढे गेलेल्यांमध्ये मात्र निम्मी. १९८८ च्या धोरणाने 'दर स्त्रीमागे चार मुले' अशी मर्यादा सुचवली होती. बहुपत्नीत्व रूढ असलेल्या समाजात दर पुरुषामागे किती, हे मात्र त्यात नव्हते. ही नजरचूक असेल, असे मला वाटत नाही.

या घसरणीचा परिणाम संयुक्त राष्ट्रांच्या भाकितांवरही दिसतो. २१०० साली नायजेरियात सुमारे ७९ कोटी लोक असतील, असे २०१७ साली सांगितले गेले होते. २०२४ च्या आवृत्तीत तोच आकडा ४८ कोटींच्या आत आला. सात वर्षांत ३१ कोटी माणसे वजा झाली, पण भीती घालणारे आलेख अजून जुनेच फिरत आहेत.

आपण त्यांना हसावे, अशी आपलीही स्थिती नाही. आपली शेवटची जनगणना २०११ ची आहे आणि लोकसभेच्या जागांची राज्यवार वाटणी अजून १९७१ च्या लोकसंख्येवर गोठलेली आहे. मात्र आपल्याकडे ती गोठवली, ती कुटुंबनियोजन करणाऱ्या राज्यांचे नुकसान होऊ नये म्हणून. नायजेरियात असे संरक्षण नाही आणि प्रत्येकालाच आपली संख्या जास्त दिसायला हवी आहे.

मे २०२३ मध्ये तेथे नवी जनगणना व्हायची होती. मावळते राष्ट्राध्यक्ष मुहम्मदु बुहारी यांनी ऐनवेळी ती पुढच्या सरकारवर सोपवली. पुढचे राष्ट्राध्यक्ष झाले ते बोला टिनुबू, आणि २००६ साली कानोपेक्षा तीन लाखांनी कमी भरलेल्या लागोसचे राज्यपाल तेच होते.