धुंदीतलं पुस्तक लिहायचंय? आधी घरात कोण कोण आहे ते बघा

नोकरीला रामराम ठोकून, गोव्यात खोली घेऊन जाणिवेच्या पलीकडचं काहीतरी लिहायचं तुमच्या मनात आहे, हे ऐकून आनंद झाला. मराठीत या खात्यात जागा भरपूर रिकामी आहे. फक्त माल कुठं मिळतो याची चौकशी इतक्यात करू नका. अमली पदार्थांवर बंदी घालणाऱ्या १९८५च्या एनडीपीएस कायद्यात साहित्यिकांसाठी सवलतीचं कलम नाही. शिवाय माल ही दुय्यम गोष्ट आहे. आधी मनुष्यबळ जमवा.

आद्यपुरुष इंग्रज लेखक थॉमस डी क्विन्सी. १८०४ साली लंडनमध्ये एका पावसाळी रविवारी डोकं-चेहरा ठणकतोय म्हणून हा तरुण ऑक्सफर्ड स्ट्रीटवरच्या औषधाच्या दुकानात शिरला आणि अफूचा अर्क घेऊन बाहेर पडला. पुढं दिवसाला ८,००० थेंबांपर्यंत मजल गेली, असं त्यानंच लिहून ठेवलंय. १८२१मध्ये ‘लंडन मॅगझिन’ मासिकात त्याचा अफूचा कबुलीजबाब निनावी छापून आला आणि आपल्या या खात्याचा नारळ फुटला. इथवर तुम्हाला रीलमधून कळलं असेलच. रीलमध्ये न मावलेलं असं, की एडिनबर्गला सावकारांचा ससेमिरा चुकवायला तो होलीरूड राजवाड्याच्या आवारात लपून राहायचा, कारण तिथं कर्जबुडव्याला अटक करता येत नसे. रविवारी अटकेलाच सुट्टी, म्हणून रविवारी बाहेर. मुलं आठ. १८३७मध्ये बायको गेली आणि घर मुलींनी ओढलं. मेणबत्तीपाशी वाचताना बाबांचे केस पेट घ्यायचे आणि लेक कामातून मान वर करून सहज सांगायची, की बाबा, केस पेटलेत. तुमच्याकडे अशी लेक आहे का? नसेल तर अफू वाया जाईल.

इंग्रज कवी कोलरिजची गोष्ट तुम्ही बी.ए.ला पाठ केली असणार. अफूच्या गुंगीत दोन-तीनशे ओळींची कविता स्वप्नात उतरली, जागा होऊन लिहायला बसला, तेवढ्यात पोरलॉक गावाहून कोणीतरी कामासाठी आला आणि गाडी ५४ ओळींवर अडकली. असा पाहुणा प्रत्येक लेखकाच्या पदरी असावा. (आपल्याकडे सोसायटीचा सेक्रेटरी ही सेवा विनामूल्य देतो.) पण १८१६पासून मरेपर्यंत, चांगली १८ वर्षं, या कवीला हायगेटच्या डॉक्टर गिलमन यांनी स्वतःच्या घरात ठेवून घेतलं, ती सोय बघा. तुमच्या फॅमिली डॉक्टरांना एकदा विचारून ठेवा, वरची खोली रिकामी आहे का.

इंग्रज लेखक ऑल्डस हक्सलींचा मार्ग सभ्य. मे १९५३, लॉस एंजलिस, भास घडवणारं मेस्कलीन ०.४ ग्रॅम, शेजारी मनोविकारतज्ज्ञ, घरात बायको, आणि बोललेलं टिपून घ्यायला यंत्र. त्या दिवशी त्यांना स्वतःच्या पँटच्या चुण्यांमध्ये अथांग अस्तित्व दिसलं. तुम्हालाही दिसेल. मात्र चुण्या पाहून बोत्तिचेल्लीच्या चित्रातली वस्त्रं आठवायची तर आधी बोत्तिचेल्ली पाहिलेला हवा. पन्नाशी उलटेपर्यंत ढीगभर वाचलं नसेल तर पँटमध्ये पँटच दिसते.

अमेरिकन कादंबरीकार विल्यम बरोज तुमचा लाडका, ठाऊक आहे. खरा रस्त्यावरचा माणूस! आजोबांनी आकडेमोडीचं यंत्र काढलेलं, पदवी हार्वर्डची, आणि घरून महिन्याला २०० डॉलर. एवढ्यात रस्ता बराच मऊ होतो. त्याची विखुरलेली पानं केरुआक आणि गिन्सबर्ग या लेखक मित्रांनी १९५७मध्ये मोरोक्कोतल्या टँजिअरला जाऊन टाइप केली, तीही लंडनच्या डॉक्टरनं व्यसन सोडवल्यानंतर. त्याआधी १९५१मध्ये मेक्सिको सिटीत दारूच्या अमलात त्यानं झाडलेल्या गोळीनं पत्नी जोन मेली. तिनं मागं पुस्तक ठेवलं नाही. ठेवायला उरली असती तर टाइप कोणी केलं असतं?

आपल्याकडे गडकऱ्यांना हे गणित पक्कं माहीत होतं. १९१९मध्ये रंगभूमीवर आलेल्या ‘एकच प्याला’त सुधाकर पितो, सिंधू दळण दळते. गडकऱ्यांचा घोटाळा एवढाच, की दळणाऱ्या बाईलाही त्यांनी संवाद दिले. जागतिक दर्जाचं लिहायचं तर ही चूक टाळा.

मुंबईचं उदाहरण देऊ नये असं वाटतं, पण देतो. शुक्लाजी स्ट्रीटच्या अफूच्या अड्ड्यांवरची जीत थायिल यांची कादंबरी २०१२मध्ये बुकरच्या अंतिम यादीत गेली. ती नशा सुटल्यावर लिहिली, आधीची वर्षं फुकट गेली, असं ते उघड सांगतात. अशा मुलाखती वाचू नका, उत्साह मावळतो. त्याच वस्तीत आडवे पडलेले गर्दुल्ले प्रकाशकांना कधी दिसले नाहीत. त्यांना टँजिअरला येऊन टाइप करणारे मित्र नसावेत.

एवढी माणसं जमत नसतील तर शेवटचा उपाय आहे, आणि तो स्वस्त आहे. मानववंशशास्त्राचे विद्यार्थी कार्लोस कास्तानेदा यांनी १९६८मध्ये पुस्तक काढलं. त्यात मेक्सिकोतल्या याकी जमातीचे गुरू डॉन हुआन, त्यांनी दिलेलं पेयोटे हे नशा आणणारं निवडुंग, आणि कावळा होऊन उडणं. पुस्तकं तुफान खपली, १९७३मध्ये विद्यापीठानं डॉक्टरेट दिली, आणि डॉन हुआन मुळात होते का, यावर लोक नंतर भांडत बसले. तुम्ही तुमचे गुरू सातपुड्यात ठेवा. पीएच.डी.च्या गाइडनं त्यांना भेटायचं म्हटलं तर तिथं रेंज नाही म्हणा. प्रवासभत्ता मंजूर होईतो पुस्तकाची तिसरी आवृत्ती येईल. नशेला घरचा चहा पुरे. तो कोण करून देणार, तेवढं आधी ठरवून घ्या.