"सिस्टर लोकांना काय होतंय, त्यांची इम्युनिटी पोलादी!" बरं का काका

फॅमिली ग्रुपवर परत तोच मेसेज फिरतोय, यावेळी आमच्या चुलत सासऱ्यांनी गुड मॉर्निंगच्या गुलाबासकट टाकला. म्हणे हॉस्पिटलात काम करणाऱ्यांचं शरीर रोज व्हायरस पचवून पोलादी होतं, एकदा झालेला व्हायरस परत होत नाही, झालाच तर टेस्ट चुकलेली, दुसऱ्या वेळी नुसती सर्दी, आणि जो स्टाफ वर्षातून चारदा आजारी पडतो तो सुट्टीसाठी बहाणे करतो. मी बारा वर्षं स्टाफ नर्स आहे आणि यंदा पावसाळ्यापासून तीनदा तापाने झोपलेय, त्यामुळे रिप्लाय देणं आलंच.

"एकदा झाला की परत नाही". काका, हे गोवराचं बरोबर आहे, सर्दी-फ्लू-कोविडचं नाही. गोवर अंगात शिरल्यावर ताप यायलाच दहाएक दिवस जातात, तेवढ्यात शरीराला जुनी ओळख पटते आणि ते त्याला आडवं करतं. सर्दी-फ्लूवाले नाकाघशातच दोन-तीन दिवसांत काम उरकतात, आणि नाकातल्या अँटीबॉडी काही महिन्यांत उतरलेल्या असतात, म्हणजे पोलीस पोचेपर्यंत चोराने घर साफ केलेलं. त्यात सर्दी करणाऱ्या नुसत्या ऱ्हायनोव्हायरसचेच दीडशेच्या वर प्रकार, एक झाला तरी बाकीचे रांगेत उभेच. फ्लू तर सतत वेश बदलतो, म्हणून लस दरवर्षी घ्यावी लागते.

"टेस्ट चुकते". हे अर्धं खरं आहे, बरं झाल्यावरही आरटीपीसीआर कित्येक आठवडे पॉझिटिव्ह येऊ शकते, मेलेल्या व्हायरसचे तुकडे सापडत राहतात. म्हणूनच आयसीएमआरच्या (सरकारची वैद्यकीय संशोधन परिषद) संशोधकांनी कोविड परत झाला म्हणायला दोन पॉझिटिव्हमध्ये किमान १०२ दिवस आणि मधे एक निगेटिव्ह अशी अट घातली होती. आणि २०२० मध्ये मुंबईतच, नायर आणि हिंदुजा हॉस्पिटलमधल्या चार आरोग्य कर्मचाऱ्यांच्या दोन्ही वेळच्या सॅम्पलचं जिनोम सिक्वेन्सिंग झालं, म्हणजे व्हायरसची जनुकं वाचून पाहिली, व्हायरस वेगवेगळे निघाले. आता यात टेस्ट कुठे चुकली?

"दुसऱ्यांदा सौम्यच". त्याच चौघांना दुसऱ्या वेळी जास्त त्रास झाला होता. चौघांवरून नियम होत नाही, बहुतेकांना दुसऱ्यांदा हलकंच जातं हे मलाही मान्य, पण "च" कुठून आणला? आणि डेंग्यूचे चार प्रकार, तिथे उलट दुसऱ्या प्रकाराचा डेंग्यू झाला की प्रकरण गंभीर होण्याची भीती वाढते. हॉस्टेलच्या गच्चीवर पाणी साचलेलं असतं तिथे राहणाऱ्या रेसिडेंट डॉक्टरला विचारा.

आता पोलादी शरीर. आधी होऊन गेलेलं असलं की फायदा होतो, नाही असं नाही, ब्रिटनच्या आरोग्य कर्मचाऱ्यांवरच्या सायरन अभ्यासात कोविड होऊन गेलेल्यांना परत होण्याचा धोका ८४ टक्के कमी दिसला. पण ते साधारण सात महिन्यांपर्यंत पाहिलेलं आणि कोविडचा ओमायक्रॉन प्रकार यायच्या आधीचं. जानेवारी २०२२ मध्ये मुंबईतले शेकडो रेसिडेंट डॉक्टर काही दिवसांत पॉझिटिव्ह आले तेव्हा पोलाद कुठे गेलं होतं? आम्ही जास्त आजारी पडतो कारण व्हायरस आमच्यापर्यंत जास्त वेळा येतो, एवढं साधं आहे. अठ्ठावीस बेडच्या वॉर्डात चाळीस पेशंट, बाकीचे खाली गादीवर, नेब्युलायझर लावायला वाकलं की पेशंट तोंडावर खोकतो. आणि गंमत म्हणजे मला वाटतं जास्त लागण वॉर्डात नाही, आमच्या टिफिन रूममध्ये होते. दहा बाय आठची खोली, कबुतरं येतात म्हणून खिडकीला खिळे मारलेत, एक्झॉस्टचा पंखा दोन वर्षं बंद, आणि दुपारी अडीचला मास्क काढून आम्ही सात जणी एकमेकींच्या डब्यात हात घालतो. वॉर्डात एन ९५ आणि इथे कुणाची तरी भेंडी. व्हिटॅमिन सी आणि काढ्याने खिडकी उघडत नाही.

राहिला बहाण्यांचा मुद्दा, याचाच जास्त राग आला. ऑगस्टमध्ये मला १०१ ताप होता, फोन केला तर इनचार्ज म्हणाल्या बदली कुणी नाही गं, गोळी खा नि ये, नुसती औषधं वाटायची आहेत. त्यांचा तरी काय दोष, नाइटला दोनच सिस्टर, मी नाही गेले तर दुसरीने चाळीस पेशंट एकटीने बघायचे. गेले. चौथ्या दिवशी तिला ताप, मग आमच्या आयामावशींना, मग आठ नंबर बेडवरच्या आजी, ज्या मोडलेल्या मांडीसाठी आल्या होत्या, त्या खोकायला लागल्या. माझ्यामुळेच, असं कुणी सिद्ध केलं नाही, पण मला माहितीय. त्या महिन्यात माझी सिक लीव्ह शून्य होती काका, रजिस्टरला पूर्ण हजेरी.