घाट, न्यूट्रल आणि मामा

लर्निंग लायसन्स हातात पडलं आणि घरातला जो तो ड्रायव्हिंगचा मास्तर झाला. शिकाऊ चालकाशेजारी पक्कं लायसन्सवालं माणूस बसलं पाहिजे, असा नियम आहे. बाकीच्यांनी घरी बसावं, असं मात्र त्यात कुठं लिहिलेलं नाही.

पुढं-मागं 'एल' लावायचा, १८ सेंटिमीटरच्या पांढऱ्या चौकोनात लाल. तो बघून लोक जरा सांभाळून घेतील, अशी माझी भाबडी समजूत. साताऱ्यात राजपथावर मागच्या माणसाला 'एल' दिसला की त्याचा हात हॉर्नवरून उठतच नाही.

रविवारी ह्यांनी यवतेश्वरचा घाट ठरवला. मागं मामा आणि आत्या, म्हणजे माझे सासू-सासरे. आत्यांनी समर्थ मंदिरापाशीच डोळे मिटून रामरक्षा सुरू केली. ऐन चढावर पुढचा टेम्पो थांबला. आता खरी परीक्षा. हँडब्रेक ओढला, पहिला गिअर टाकला, क्लच हळूहळू सोडत आणला. इंजिनाचा आवाज जड झाला, बॉनेटनं किंचित मान वर केली. मग ॲक्सिलरेटर, आणि शेवटी हँडब्रेक खाली. गाडी तसूभरही मागं सरली नाही! आत्यांनी एक डोळा उघडला, खात्री केली, परत मिटला.

उतरताना मामांनी तोंड उघडलं. "न्यूट्रल कर की! फुकट पेट्रोल जाळतीस."

"मामा, गाडी गिअरात असली आणि ॲक्सिलरेटरवरचा पाय काढला, की हल्लीच्या इंजिनात पेट्रोल जवळजवळ बंदच होतं. न्यूट्रलमध्येच उलट जळत राहतं. शिवाय इंजिन गाडीला धरून ठेवतं, ब्रेक तापत नाहीत."

"आम्ही चाळीस वर्षं न्यूट्रलमध्येच उतरवली."

ह्यांनी खिडकीबाहेर अजिंक्यतारा न्याहाळायला घेतला. बापलेकाचं नातं टिकवण्याची ही त्यांची जुनी पद्धत. मी दुसरा गिअर सोडला नाही. वळणावर हॉर्न, चढून येणाऱ्याला आधी वाट, आणि मागून मामांचे उसासे.

पायथ्याशी एक गाडी कडेला उभी होती. चाकातून धूर, ब्रेक जळल्याचा वास, आणि शेजारी घामाघूम झालेला पोरगा. मामांनी काच खाली करायला लावली.

"न्यूट्रलमध्ये उतरलास न्हवं? अरं, घाटात गाडी गिअरातच उतरवायची असती! लायसन कुणी दिलं तुला?"